रंगीत पानांची सदाहरित झुडपं: मुंबईकरांकडून वारंवार येणारे प्रश्न

चट्ट्यापट्ट्यांच्या पानांची झाडं आता प्रत्येक नर्सरीत पहिल्या रांगेत असतात, त्यामुळे प्रश्नही त्यांचेच जास्त येतात. निम्मे प्रश्न उन्हाचे, उरलेले बहुतेक विषाचे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पानांवरचे पांढरे-पिवळे पट्टे म्हणजे रोग तर नाही ना?

बहुतेक वेळा नाही. पानाच्या ज्या भागात हरितद्रव्य नसतं तो भाग पांढरा किंवा पिवळट दिसतो. तगर, शेफ्लेरा, रबर प्लांट, कण्हेर यांच्या व्हेरिगेटेड (म्हणजे चट्ट्यापट्ट्यांच्या) जातींत शेंड्याच्या वाढणाऱ्या पेशींचे थर दोन प्रकारचे असतात, एक हिरवा आणि एक बिनहिरवा. तेच थर प्रत्येक नव्या पानात उतरतात. क्रोटनचं गणित वेगळं आहे. तिथे लाल, पिवळा, नारिंगी रंग त्या जातीच्या गुणातच असतो आणि उन्हाने खुलतो.

रोग किंवा कमतरता ओळखायची तर पान उघडल्यापासून बघा. जातिवंत पट्ट्याची कड स्पष्ट असते आणि त्याच पानावर तो पुढे पसरत नाही. आधी हिरवं असलेलं पान नंतर पिवळं पडत गेलं, तर दुखणं आहे. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. तसंच जुन्या पानांत दिसलं तर मॅग्नेशियम. पानं आखडून, सुरकुतून, वेडीवाकडी पिवळी येत असतील तर विषाणूची शंका घ्या आणि त्या झाडाची कलमं करू नका.

२. मुंबईच्या हवेत बारा महिने टिकतील अशी कोणती झुडपं घ्यावी?

नवख्या माणसाने शेफ्लेरापासून सुरुवात करावी. उजेड कमी-जास्त झाला, चार दिवस पाणी द्यायचं राहिलं, तरी ते रुसत नाही. त्यानंतर साँग ऑफ इंडिया, अरेलिया आणि व्हेरिगेटेड तगर. ऊन भरपूर असेल तर क्रोटन, अकॅलिफा, व्हेरिगेटेड जास्वंद आणि बोगनवेल.

वरळी, वर्सोवा, खारदांडा असा थेट समुद्राचा वारा येत असेल तर यादी आखडते. खारा वारा बोगनवेल आणि कण्हेर सगळ्यांत चांगला सोसतात. बाकीच्यांची पानं अधूनमधून साध्या पाण्याने धुवावी लागतात, नाहीतर कडा करपतात. कण्हेर घेण्याआधी प्रश्न ११ आणि १४ वाचा.

३. ऊन किती लागतं? पट्टे फिके पडतात म्हणून उन्हात ठेवलं, तर पानं जळली.

पानाचा पांढरा भाग अन्न तयार करत नाही. म्हणजे घरात कमावणारे कमी आणि खाणारे जास्त. त्यामुळे याच झाडाच्या हिरव्या भावंडाला जेवढा उजेड पुरतो, त्यापेक्षा याला जास्त लागतो. पण तोच पांढरा भाग कडक उन्हात आधी भाजतो. म्हणून उत्तर एकच: उजेड भरपूर, दुपारचं थेट ऊन नाही. क्रोटन, अकॅलिफा आणि बोगनवेल हे अपवाद. त्यांना चार-पाच तास थेट ऊन मिळालं नाही तर रंग मरतो.

आता मुंबईपुरतं. पूर्वेची बाल्कनी सर्वांत उत्तम, तिथे फार विचार करायला नको. पश्चिमेची बाल्कनी मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये त्रास देते. त्या काळात कुंड्या एक हात आत ओढा किंवा हिरवी शेडनेट लावा. दक्षिणेच्या बाल्कनीबद्दल गैरसमज फार आहे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा ऊन थेट हॉलपर्यंत येतं. पण मुंबईत १५ मेच्या सुमारास आणि पुन्हा २८ जुलैच्या सुमारास सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो (शून्य सावलीचे दिवस ते हेच) आणि मधल्या काळात तो चक्क उत्तरेकडे असतो. त्यामुळे भर मे महिन्यात दक्षिणेच्या बाल्कनीत वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली पडते आणि उत्तरेच्या बाल्कनीत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन शिरतं. ‘थंडीत छान होतं, उन्हाळ्यात रंग गेला’ अशी तक्रार आली की मी आधी बाल्कनीची दिशा विचारते.

झाड हलवायचं ते हळूहळू. सावलीतलं झाड एकदम उन्हात ठेवलं तर एका दुपारीही पान भाजतं, आणि भाजलेला डाग परत हिरवा होत नाही.

४. क्रोटन घरी आणला आणि आठ दिवसांत निम्मी पानं गळाली. मेला का?

बहुधा नाही. क्रोटनला जागाबदल आवडत नाही. नर्सरीतल्या शेडनेटखालून टेम्पोत, टेम्पोतून एसीच्या झोतासमोर, म्हणजे तो पानं टाकणारच. खोडाची साल नखाने किंचित खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर जिवंत आहे. एक जागा ठरवा, एसी आणि पंख्यापासून लांब ठेवा, माती ओलसर राहू द्या. या काळात खत नको, कुंडी बदलणंही नको. नवे डोळे फुटेपर्यंत धीर धरा.

५. माती कोणती? नर्सरीवाला नुसती लाल मातीच भरून देतो.

नुसती लाल माती कुंडीत काही महिन्यांत विटेसारखी बसते. दोन भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि मूठभर निंबोळी पेंड. पावसात भिजणाऱ्या कुंडीत कोकोपीटऐवजी जाडी रेती किंवा भाताचं तूस घाला. भोकावर खापरी ठेवायला विसरू नका. कुंडी मुळांच्या गड्ड्यापेक्षा जेमतेम दोन-तीन इंच मोठी असावी. मोठ्या कुंडीत झाड लवकर मोठं होतं हा समज चुकीचा आहे, उलट न वापरलेली माती ओली राहून मुळं कुजतात.

६. पाणी रोज घालायचं का? आणि पावसाळ्यात?

बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा. कोरडं लागलं तर घाला, ओलं लागलं तर नको. एप्रिल-मेमध्ये बहुतेकांना रोज लागतं, डिसेंबरमध्ये दिवसाआड.

मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. ग्रिलमधल्या कुंड्यांची मुळं त्या काळात गुदमरतात. साँग ऑफ इंडिया आणि शेफ्लेरा सलग झडीत उघड्यावर ठेवू नका. माती वरून हलकी उकरून ठेवली तर हवा खेळती राहते.

कुंडीखालच्या ताटल्या पावसाळ्यात सरळ काढून ठेवा. डेंग्यूचा डास असल्या स्वच्छ साचलेल्या पाण्यातच वाढतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला त्याला आठवडाभर पुरतो. खालच्या मजल्यावर पाणी ठिबकतं म्हणून ताटली हवीच असेल तर ती रोज रिकामी करा. पालिकेचे लोक तपासणीला आले की आधी ताटल्याच बघतात, नोटीस मिळते ती वेगळीच.

७. माझ्या व्हेरिगेटेड झाडाला अचानक पूर्ण हिरवी फांदी आली. चांगलं लक्षण आहे ना?

दिसायला तरतरीत, पण ठेवू नका. प्रश्न १ मध्ये सांगितलेल्या दोन थरांपैकी हिरव्या थराने तिथे ताबा घेतला आहे. हिरवी फांदी जास्त अन्न बनवते, भराभर वाढते आणि दोनेक वर्षांत पट्टेवाल्या फांद्यांना मागे टाकते. मग लोक म्हणतात, नर्सरीवाल्याने फसवलं.

फांदी अर्ध्यावर छाटून उपयोग नाही, खालच्या डोळ्यांतून पुन्हा हिरवंच फुटतं. ती जिथून निघाली त्या सांध्यापाशी मुळापासून कापा. एकेका पानावर पट्टे कमी आले तर घाबरू नका, तो बहुधा उजेडाचा प्रश्न असतो. जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत आलेली पानं थोडी हिरवट असतातच. फांदीवरची ओळीने चार-पाच पानं ठार हिरवी निघाली की मगच कात्री घ्या.

पट्टे परत आणणारं खत किंवा फवारा बाजारात कोणी विकत असेल तर पैसे वाचवा. एकदा हिरवी झालेली फांदी खताने दुरंगी होत नाही.

८. आणि पूर्ण पांढरी फांदी आली तर?

ती दिसते सुंदर, पण परोपजीवी असते. बाकी झाडाच्या जिवावर जगते. झाड मोठं असेल तर एखादी ठेवा. लहान रोपाला मात्र कापून टाका. तिची कलम लावण्याचा मोह आवरा, हरितद्रव्य नसलेलं कलम जगत नाही.

९. घरच्या घरी नवीन रोप कसं करायचं? बी लावलं तर?

बियांतून पट्टे येण्याची खात्री नाही, बहुतेक रोपं साधी हिरवी निघतात. चांगले पट्टे असलेल्या फांदीचं छाट कलम (फांदीचा तुकडा कापून मातीत लावणं) किंवा गुटी कलम करा. पावसाळा सुरू झाला की पंधरा दिवसांत हात घाला, हवेतला दमटपणा आयता मिळतो. क्रोटन आणि रबर प्लांटला गुटी फार छान जमते: पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची इंचभर साल गोल काढायची, ओलं मॉस किंवा कोकोपीट बांधायचं, वरून प्लास्टिक घट्ट गुंडाळायचं. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसायला लागतात.

कण्हेरीची फांदी पाण्यात ठेवूनही मुळं धरते, पण ते पाणी विषारी होतं. ग्लास स्वयंपाकघरात, फ्रिजवर किंवा मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका.

१०. पानांखाली पांढरा कापूस चिकटलाय. शिवाय पानं धुळकट-जाळीदार दिसतात.

कापूस म्हणजे मिलीबग, जाळी म्हणजे लाल कोळी. क्रोटनवर दोन्ही येतात, विशेषतः जवळपास बांधकाम चालू असेल आणि पानांवर धूळ बसत असेल तर. आधी पाण्याची जोरदार धार मारा, पानाच्या पाठीवर. मग एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण घोळून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. उन्हात फवारलंत तर पांढरे भाग जळतात. मुंग्यांची रांग दिसली तर मिलीबग परत येणार हे धरून चाला, मुंग्याच त्यांना फांदीफांदीवर नेऊन बसवतात.

११. यातली विषारी कोणती? एकदाची यादी द्या.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. पट्टे आल्याने विष कमी होत नाही. हिरवी कण्हेर विषारी, तशी व्हेरिगेटेड कण्हेरही तितकीच विषारी. नर्सरीत झाडावर नुसतं ‘व्हेरिगेटा’ लिहिलेलं असतं, ते नाव नव्हे. मूळ झाड कोणतं ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

सर्वांत धोकादायक कण्हेर. पान, फूल, साल, मूळ, सगळ्यांत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारं द्रव्य असतं, वाळल्यावरही जात नाही. पिवळ्या फुलांची बिट्टी हे वेगळं झाड, पण विष त्याच जातीचं. फूल नसताना कण्हेर आणि तगर यांत गोंधळ होतो, म्हणून पानं बघा: कण्हेरीच्या एका पेरावर सहसा तीन-तीन, लांब, चामड्यासारखी जाड पानं असतात, तगरीची पानं जोडीने येतात, रुंद आणि चकचकीत असतात, तोडल्यावर दुधासारखा चीक येतो.

दुसरा गट चिकाचा: क्रोटन, रबर प्लांट आणि इतर फायकस, तगर, आणि नागमोडी खोडाचं युफोर्बियाच्या कुळातलं पेडिलँथस. यांचा चीक कातडीला खाज, पुरळ देतो. खाल्लं तर पोट बिघडतं. पेडिलँथसचा चीक डोळ्यात गेला तर मात्र गंभीर प्रकरण होतं. रबरी हातमोज्यांची ॲलर्जी असणाऱ्यांनी फायकसपासूनही जपावं.

तिसरा गट तोंड भाजणाऱ्यांचा: शेफ्लेरा, आणि झुडूप नसलं तरी याच रांगेत विकलं जाणारं डायफेनबाखिया (प्रश्न १२). दुरांटाची नारिंगी फळं मण्यांसारखी दिसतात, मुलं तोडतात, ती विषारी आहेत. साँग ऑफ इंडिया आणि बाकीचे ड्रॅसेना माणसांना फारसे बाधत नाहीत, मांजर-कुत्र्यांना बाधतात.

१२. डायफेनबाखियाने एका मिनिटात मूल दगावतं असा मेसेज आलाय. खरं का?

नाही. दरवर्षी फिरणारा फॉरवर्ड आहे तो. या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. पान चावलं की ते तोंडात टोचतात, आग होते, जीभ सुजते, लाळ गळते. कच्च्या अळूने घसा खवखवतो तो याच स्फटिकांमुळे, फक्त इथे त्रास कितीतरी जास्त. वेदना इतकी लगेच होते की दुसरा घास सहसा कोणी घेत नाही. जीव जाण्याचे प्रसंग अतिशय दुर्मीळ. पण सूज घशापर्यंत गेली तर श्वासाला अडथळा येऊ शकतो, म्हणून रांगत्या बाळाच्या घरात ती कुंडी जमिनीवर नको.

१३. क्रोटन म्हणजेच जमालगोटा ना? मग घरात कसा ठेवायचा?

जमालगोट्याचं शास्त्रीय नाव क्रोटन टिग्लियम. आपण बाल्कनीत लावतो ते कोडिएम व्हेरिगेटम. दोन्ही एरंडाच्या कुळातली, पण झाडं वेगळी. जमालगोट्याच्या बियांचं तेल जहाल रेचक आहे, बागेतल्या क्रोटनचा त्रास मुख्यतः चिकापुरता. नाव ऐकून घाबरून झाड टाकून देऊ नका.

१४. गणपतीच्या पत्रीत कण्हेर असते. मग ती विषारी कशी?

एकवीस पत्रींच्या यादीत करवीर, म्हणजे कण्हेर, आहे, तशी रुई आहे आणि धोत्राही आहे. तिन्ही विषारी. पत्री वाहायची असते, खायची नाही. आजीच्या पिढीला हे सांगावं लागत नव्हतं, कारण परड्यातलं झाड त्यांच्या ओळखीचं होतं. आता दादरहून आणलेल्या पत्रीच्या जुडीत काय काय आहे हे घरात कोणालाच माहीत नसतं, आणि जुडी उघडली जाते ती ओट्यावर, मोदकांच्या ताटाशेजारी.

तेवढंच टाळा. जुडी वेगळ्या ताम्हनात सोडा, पत्री हाताळल्यावर हात धुवा, प्रसादाच्या ताटात सजावट म्हणून कण्हेरीचं पान-फूल ठेवू नका. पंचामृत आणि तीर्थाच्या भांड्यात तर मुळीच नको. निर्माल्य निर्माल्य कलशातच टाका. गाईला घालायची सवय काही घरांत असते, ती इथे घातक ठरते. ओली कण्हेर कडू लागते म्हणून गुरं तोंड लावत नाहीत, म्हणूनच तर ती महामार्गाच्या दुभाजकात लावतात. सुकलेली पानं मात्र ती चाऱ्याबरोबर खाऊन जातात आणि मरतात.

१५. मुलाने पान खाल्लं. पहिल्यांदा काय करायचं?

तोंडातले तुकडे काढा, ओल्या कापडाने पुसा, पाण्याने चूळ भरायला लावा. ओकारी काढायला लावू नका. मीठ-पाणी, तूप, लिंबू काही नको. तोंडाची आग होत असेल तर गार पाणी किंवा गार दूध घोट-घोट चालेल. चीक डोळ्यात गेला असेल तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धुवा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

कण्हेर किंवा बिट्टी असेल तर लक्षणांची वाट बघायची नाही, लगेच मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या. ओकाऱ्या, पोटदुखी, गुंगी, मंद किंवा अनियमित नाडी ही लक्षणं उशिराही दिसू शकतात. झाडाची फांदी पिशवीत घालून सोबत न्या, डॉक्टरांचा वेळ वाचतो. रुग्णवाहिकेसाठी १०८. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, त्यांचा टोल-फ्री क्रमांक १८०० ११६ ११७.

१६. घरात मांजर आहे. काय लावू, काय नको?

साँग ऑफ इंडिया आणि इतर ड्रॅसेना, शेफ्लेरा, डायफेनबाखिया, कण्हेर नको. ड्रॅसेना खाल्लेलं मांजर ओकतं, लाळ गाळतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या दिसतात. व्हेरिगेटेड जास्वंद आणि एक्झोरा विषारी समजले जात नाहीत. मांजराला चघळायला गव्हाचे दाणे पेरून वेगळी कुंडी करून द्या, बाकीच्या झाडांवरचं लक्ष बरंच उडतं. काही खाल्लंच तर जवळच्या पशुवैद्याकडे न्या, नाहीतर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे.

१७. सोसायटीच्या कुंपणाला दुरांटा आणि कण्हेर आहे, मुलं तिथेच खेळतात. कमिटीने काढून टाकावं का?

दुरांटा काढायची गरज नाही, नियमित कापा. सतत कापलेल्या कुंपणाला फुलंच क्वचित येतात, मग फळं कुठून येणार. कण्हेर मात्र झोपाळ्या-घसरगुंडीजवळून हलवावी असं माझं मत आहे. भातुकलीत पानं वाटली जातात, फुलांचा चहा केला जातो. गेटपाशी किंवा पार्किंगच्या कडेला ती राहू दे.

१८. छाटणी कधी करावी? कापलेल्या फांद्यांचं काय करायचं?

फेब्रुवारीच्या शेवटी हलकी छाटणी, पावसाच्या सुरुवातीला मोठी. हातमोजे आणि पूर्ण बाह्या घाला, डोक्याच्या वरची फांदी कापताना चष्मा. कात्री नंतर साबणाने धुवा, विशेषतः तीच कात्री कढीपत्त्याला वापरणार असाल तर. कातडीला लागलेला चीक सुकायच्या आत साबण-पाण्याने काढा.

कण्हेरीच्या फांद्या जाळू नका, धूरही बाधतो, आणि मुंबईत उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहेच. तिची काडी शेकोटीत किंवा बार्बेक्यूच्या सळईऐवजी वापरू नका. घरच्या कंपोस्टच्या बादलीतही ती नको. क्रोटन, अकॅलिफा, शेफ्लेराची पानं कंपोस्टमध्ये खुशाल टाका.

१९. पट्टेवाला टॅपिओका कुंडीत लावलाय. खाली कंद आलाय, साबुदाणा यातूनच होतो ना? उकडून खाऊ का?

नको. साबुदाणा ज्या झाडाच्या कंदापासून होतो त्याचीच ही शोभेची जात आहे, हे खरं. पण या झाडाच्या पानांत आणि कच्च्या कंदात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. साबुदाण्यासाठी कंद किसून, धुऊन, स्टार्च वेगळा काढून, भाजून घेतात. शोभेच्या जातीत ही द्रव्यं किती आहेत हे घरी कळायला मार्ग नाही, आणि नर्सरीत त्यावर कसली कीटकनाशकं मारली तेही नाही. कंद तसाच राहू द्या, पुढच्या वर्षी त्यावरच पानं जोमाने येतील.